देवराईतली मौन फेरी : प्रकल्प नोंदी

७ जानेवारी २०२४
जागा : संगमेश्वर-चिपळूण पट्ट्यातली साधारण तीन एकरांची देवराई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. गावाचं आणि देवीचं नाव या नोंदीत येणार नाही. राईत धनेश पक्ष्याची ढोली आहे, ती जागा उघड होऊ नये म्हणून.

काम तीन पदरी. राईतून मौनाने चालणं, त्याच फेरीतून राईच्या प्रकृतीची नोंद ठेवणं, आणि दोन्हींतून राईचं देवपण राखणं. आज फक्त बैठक झाली. गुरव, दोन मानकरी, ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचे सदस्य. सातबारा आधीच काढून आणला होता. देवरायांची मालकी एकसारखी नसते. कुठे वनखात्याची, कुठे महसूलची, कुठे देवस्थानची, कुठे खाजगी सामाईक. हे न पाहता काम सुरू केलं की पुढे एखादं झुडूप काढण्यावरूनही अडचण येते.

गुरवांनी राईचे दंडक सांगितले ते जसेच्या तसे उतरवले : पायताण सीमेच्या दगडाबाहेर. वाळकं लाकूडही उचलायचं नाही. राबासाठी (भाताच्या रोपांची जमीन भाजायला) पाला न्यायचा नाही. मोठ्याने हाक मारायची नाही. झऱ्यात पाय घालायचा नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांवर लिहिलं, तेव्हा हेच ठळकपणे मांडलं होतं की जंगल टिकलं ते देवाच्या धाकाने आणि गावाच्या शब्दाने. म्हणून ठरलं : प्रकल्पाचे वेगळे नियम करायचे नाहीत, राईत फलक लावायचे नाहीत. जे सांगायचं ते सीमेवर, गुरवांच्या तोंडून.

२१ जानेवारी
वाट मोजली. सीमेच्या दगडापासून देवळापर्यंत, तिथून झऱ्याला वळसा घालून परत, एकूण ४२० मीटर. दर ६० मीटरला जुन्या झाडाच्या आडोशाला एक गुडघाभर बांबूचा खांब. एकूण सात. झाडाला खिळा, रंग, पट्टी काहीही नाही.

वाट एकच ठेवायची, रुंदी दीड-दोन फूट, एकामागे एक. राईभर विखरून चाललं की नुकसान कमी होईल असं वाटतं, पण होतं उलटं. जंगलतळ तुडवण्याचं सगळ्यात मोठं नुकसान पहिल्या थोड्या पावलांतच होतं. पाला मोडतो, माती दबते, कोवळे कोंब जातात. आधीच दबलेल्या वाटेवर आणखी शंभर पावलं पडली तर फरक थोडा पडतो. त्यामुळे नवी पाऊलवाट उमटू न देणं हे इथलं पहिलं संवर्धन.

दोन तापमापक टांगले. एक खांब ४ जवळ, एक राईबाहेर आंब्याच्या सावलीत. दोन्ही जमिनीपासून चार फुटांवर, दोन्ही सावलीत. बाहेरचा उन्हात टांगला तर तुलनेला अर्थ उरत नाही. ही चूक फार ठिकाणी दिसते.

४ फेब्रुवारी
पहिली चाचणी फेरी. बारा माणसं. चालता चालता मौनही पाळायचं आणि जे दिसेल त्याचा फोटो काढून नोंदही करायची, अशी आखणी होती. फसली.

फोनच्या उजेडाने आणि कुजबुजीने मौन दहा मिनिटांत संपलं. नोंदीही निकामी आल्या : कडेच्या उन्हातल्या फुलपाखरांचे ढीगभर फोटो, जमिनीचा एकही नाही, वेल-शेवाळं-बुरशीबद्दल शून्य. वाटेबाहेर पाऊल गेल्याच्या खुणा नऊ ठिकाणी, सगळ्या फोटोसाठी.

कारण सरळ आहे. ओळखायला निघालेला डोळा नाव माहीत असलेल्या गोष्टीवरच थांबतो. नाव नसलेलं, न हलणारं, पायाखालचं त्याला दिसत नाही. मौन आणि मोजणी दोन्ही हवीत, पण एका वेळी एक.

११ फेब्रुवारी
नवी आखणी. आठ माणसं आणि दोन वाटाडे, एक पुढे, एक मागे. आज हीच कायम केली, म्हणून सविस्तर.

सकाळी सव्वासातला सीमेच्या दगडाशी. उजाडलेलं असतं, पक्षी बोलत असतात, ऊन अजून आत शिरलेलं नसतं. फोन बंद करून कापडी पिशवीत, पिशवी गुरवांच्या पडवीत. एक फोन मागच्या वाटाड्याकडे, फक्त अडचणीसाठी.

मग पाय धुणे आणि कपडे झटकणे. पांढरं धोतर अंथरून त्यावर उभं राहायचं, विजारीचे पाय आणि बाह्या खरखरीत ब्रशने झाडायच्या. आजच्या आठ जणांच्या कपड्यांतून धोतरावर कुसळं, आघाड्याची बोंडं आणि रानमोडीचं केसाळ बी पडलं. पाय धुऊन आत जाण्याचा दंडक गाव श्रद्धेने पाळतं, आणि बाहेरचं बी आत न नेण्याचा तोच सगळ्यात साधा उपाय आहे. धोतर राईबाहेर उकिरड्यावर नव्हे, विस्तवावर झाडायचं.

अनवाणी चालण्याबद्दल मतभेद झाले. राईत फुरसं आणि चापडा हे दोन्ही विषारी साप आहेत. गुरवांशी बोलून तोडगा : सीमेपासून देवळाच्या अंगणापर्यंतची झाडलेली, स्पष्ट दिसणारी वाट अनवाणी. पुढच्या फेरीला राईपुरतेच ठेवलेले, धुतलेले कापडी बूट. ते सीमेबाहेर वापरायचे नाहीत. हात टेकायचा असेल तिथे आधी पाहायचं. जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे, तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे फेरीआधी दोन्ही वाटाड्यांना पाठ हवं. दंश झालाच तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं यांपैकी काहीही नाही. अवयव हलू न देता थेट रुग्णालय.

चाल : दोन पावलांत श्वास आत, तीन पावलांत बाहेर. धाप लागली तर गती जास्त आहे. पुढच्या माणसापासून दोन हातांचं अंतर. याहून जवळ आलं की नजर त्याच्या पाठीवरच राहते.

थांबे तीन.
पहिला खांब २ पाशी, सात मिनिटं, फक्त कान. आधी सर्वांत लांबचा आवाज शोधायचा, मग जवळचा, शेवटी स्वतःचा श्वास. या क्रमाने गेलं की मन लवकर बसतं. उलट क्रमाने बहुतेकांचं लक्ष श्वासातच अडकतं आणि राई बाहेर राहते.
दुसरा खांब ५ पाशी, दहा मिनिटं, उकिडवं किंवा बसून. समोरची हातभर जमीन, तेवढीच. काही उकरायचं नाही, उलटवायचं नाही.
तिसरा देवळासमोर. इथे गुरवांनी सुचवलेली गोष्ट फार मोलाची निघाली : आज देवीकडे काही मागायचं नाही. हात रिकामे ठेवून उभं राहायचं आणि मनात एकच प्रश्न, इथून मी काय नेतो आणि इथे काय ठेवून जातो. देव मानणारा आणि न मानणारा, दोघांनाही हा प्रश्न पेलतो.

थांबा संपल्याची खूण घंटेने करायची नाही. देवळाची घंटा गुरवांची. मागचा वाटाडा पुढच्याच्या खांद्याला हात लावतो, तो त्याच्या पुढच्याच्या. स्पर्श रांगेच्या टोकाशी पोचला की चालायला लागायचं.

फेरी पन्नास मिनिटं. मग राईबाहेर पारावर वीस मिनिटं लिहिणं, तेही न बोलता. तीन रकाने : काय दिसलं-ऐकलं, कोणत्या खांबाजवळ, किती खात्री. नाव माहीत नसेल तर वर्णन. ‘प्रसन्न वाटलं’ हे या कागदावर येत नाही, ते ज्याचं त्याने जवळ ठेवावं. एकदा बोलायला सुरुवात झाली की आठ जणांची आठवण एकसारखी होते, म्हणून लिहिण्याआधी चर्चा नाही.

३ मार्च
खांब ६ च्या वरच्या अंगाला बेहड्याच्या ढोलीत कवड्या धनेशाची मादी बसली आहे. ढोलीचं तोंड लिंपलेलं, फक्त चीर उरलेली. पिल्लं मोठी होईपर्यंत तिचा आणि पिल्लांचा सगळा घास नराच्या चोचीतून येणार. माणसं खाली उभी राहिली की नर लांबच्या फांदीवर बसून राहतो, चिरेशी येत नाही. आपल्याला ते ‘दर्शन’ वाटतं, आत उपास पडतो.

निर्णय : खांब ५ ते ७ मेअखेरपर्यंत बंद. फेरी देवळाहून त्याच वाटेने परत. ढोलीची पाहणी एकच माणूस, पंधरवड्यातून एकदा, किमान पन्नास मीटरवरून, दुर्बिणीने, दहा मिनिटांत. झाडाखाली पडलेल्या बिया गोळा करायच्या नाहीत. वड-उंबरापासून जंगली फळांपर्यंत धनेशाने काय खाल्लं ते त्या ढिगात दिसतं खरं, पण ते पिल्लं उडून गेल्यावर पाहता येईल.

७ एप्रिल
दुसरा थांबा आता खांब ४ पाशी. आजच्या आठ कागदांपैकी पाच कागदांवर वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट : जमिनीवर पाला आहे, बिया आहेत, रोपं नाहीत. कोणालाही रोपं शोधायला सांगितलं नव्हतं. बसून राहिल्यावर दिसलं. या प्रकल्पात आतापर्यंत मिळालेली ही सर्वांत महत्त्वाची नोंद.

वर पाहिलं तर राई भरगच्च. ऐन, किंजळ, बेहडा, सातवीण, खोडाला गारंबीचे दोरखंड. पण सगळी म्हातारी. खाली नातवंडं नसतील तर ही राई एका पिढीची पाहुणी आहे.

मोजायची पद्धत : एक मीटर बाय एक मीटरच्या दहा चौकटी. पाच वाटेपासून दोन मीटरवर, पाच पंधरा मीटर आत. कोपऱ्यांना बांबूच्या बोटभर खुंट्या, दोरी फक्त मोजताना. गुडघ्याखालचं आणि गुडघ्यावरचं रोप वेगळं मोजायचं. चौकटीत पाय टाकायचा नाही, बाहेरून वाकून.

मोजणी वर्षातून दोनदा, पावसाळा सरल्यावर आणि एप्रिलात. फक्त पावसात मोजलं तर आकडा भरपूर येतो आणि खोटा दिलासा मिळतो. गर्द सावलीत उगवलेली बहुतेक रोपं उन्हाळ्यापर्यंत आपसूक मरतात, ते निसर्गाचंच आहे. प्रश्न असतो तो उन्हाळा पार करणाऱ्या थोड्यांचा. आज वाटेजवळच्या पाचही चौकटी रिकाम्या. आतल्या दोन चौकटींत रोपं होती, त्यांचे शेंडे खुडलेले. शेजारी शेण. म्हणजे गुरं वरच्या पडक्या गडग्यातून (दगडी कुंपणातून) आत येतात. पुढच्या बैठकीत गडग्याचा विषय.

२६ मे
काजवे सुरू. रात्रीची फेरी ठेवावी अशी मागणी आली. नकार दिला.
काजव्यांचं लुकलुकणं हे नर-मादीचं बोलणं. बॅटरीच्या उजेडात ते बोलणं तुटतं, आणि अंधारात वाटेबाहेर पडणारी पावलं खालच्या काजव्यांवर पडतात. राईबाहेरच्या पारावर अंधारात बसून पाहिलं तर पुरेसं दिसतं. चारचाकीचे दिवे गावाच्या वेशीवरच बंद. वयस्कर माणसांना पारापर्यंत चालायला लाल कागद लावलेली एकच बॅटरी, जमिनीकडे धरलेली.

३० जून
पावसाने वाटेची परीक्षा घेतली. खांब २ ते ३ च्या उतारावर पाणी वाटेनेच धावतंय, दोन मुळं उघडी पडली.

उपाय आडव्या दगडांचा. वाटेला काटकोनात लावले तर मागे गाळ साचून दुसऱ्याच पावसात पाणी वरून जातं. साधारण ४५ अंशांत तिरपे, बाहेरचं टोक खाली. दगडाचा दोन तृतीयांश भाग जमिनीत, नाहीतर पायाने हलतो. या चढावर आठ मीटरला एक, असे तीन. वळवलेलं पाणी पाल्याच्या थरावर सोडायचं, उघड्या मातीवर किंवा खोडाशी नाही. उघड्या मुळांवर माती ओतली नाही (मुळांची हवा कोंडते, आणि माती पुन्हा वाहून जातेच). दोन्ही बाजूंना सपाट दगड ठेवून पाऊल मुळावरून पलीकडे नेलं.

दगड राईबाहेरून आणले. आतला एक दगड अंदाज घ्यायला किंचित उचलला तर खाली देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर). तसाच परत टेकवला. आतला दगड म्हणजे कोणाचं तरी घर, हे आता दंडकात घातलं.

जोराच्या पावसात फेरी नाही. भिजलेली माती सर्वांत जास्त दबते. पावसाळ्यात महिन्याला एकच फेरी, चार माणसांची.

१४ जुलै
घाणेरी आणि रानमोडी. दोन्ही बाहेरून आलेली, पसरत जाणारी झुडपं, राईच्या कडेने, ऊन पोचतं तिथवर आत शिरलेली.

राईतलं झुडूप काढायचं म्हणजे देवीला विचारायला हवं. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं आणि कौल लावला. सगळी काढू का, या प्रश्नाला कौल आला नाही. कडेची काढू का, याला उजवा, म्हणजे होकार, आला. काम कडेच्या पाच मीटर पट्ट्यापुरतं ठेवलं, त्यातही यंदा एक तृतीयांश. राईच्या दृष्टीनेही हेच हिताचं. सगळी दाटी एकदम काढली तर कड उघडी पडते, वारा आणि ऊन आत घुसतं, माती वाहते, आणि रिकाम्या जागी पुन्हा रानमोडीच उगवते.

घाणेरी नुसती कोयत्याने छाटली तर दुप्पट फुटते. फांद्या आवरून खोडाचा बुंधा मोकळा करायचा, कुदळीने मुळाचा गड्डा जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडायचा, अख्खं झुडूप उचलून उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे. फांदी ओल्या मातीला टेकली की मुळं धरते. रानमोडी आता हाताने उपटता येते. माती ओली असल्याने मूळ अख्खं येतं. डिसेंबरात फुलल्यावर हात लावला तर आपणच बी उधळतो.

प्रत्येक झुडूप आधी आतून पाहायचं. आज एकात वटवट्याचं घरटं, ते झुडूप आणि शेजारची दोन सोडली. काढलेल्या जागी रोपवाटिकेतली झाडं लावण्याचा आग्रह झाला, मान्य केला नाही. देवराईत काय उगवावं हे राईनेच ठरवावं. पक्षी, वटवाघळं, शेकरू बी आणतात. आपण तीन पावसाळे घाणेरीची नवी रोपं उपटत राहायचं, एवढंच.

काम मौनात केलं. हत्यार हातात असताना मौनाचा उपयोग जास्त होतो. घाईने चुकीचं रोप उपटलं जात नाही.

२५ ऑगस्ट
झरा मोजला. दहा लिटरची बादली, तीनदा, मधली वेळ धरायची. ६०० भागिले सेकंद म्हणजे मिनिटाला लिटर. जागा प्रत्येक वेळी तीच, देवळामागच्या दगडी पन्हळीखाली. खरा उपयोगाचा आकडा मेमधला, आजचा नाही. खांब ५ पाशी कुजक्या ओंडक्यावर नारिंगी बुरशी. वाळकं लाकूड न उचलण्याच्या दंडकाचं फळ.

६ ऑक्टोबर
नवरात्र. गर्दी आहे, मौन फेरी बंद. राईची सेवा म्हणून चार कामं.

जुन्या सातविणीला नवसाचे नायलॉन दोरे करकचून बांधलेले. खोड जाड होत जातं, दोरा वाढत नाही. तो सालीत रुततो आणि सालीखालच्या जिवंत थरातून अन्न खाली जाणं थांबतं. गुरवांनी स्वतः ते सोडवले. रुतलेले ओढले नाहीत, कापून जिथे सुटले तिथवरच काढले. सीमेवर सुती सूत ठेवलं, सैल बांधायचं. जुनं सूत दर नवरात्रात उतरवायचं.

खोडाशी लावलेले दिवे साल भाजतात आणि तेल मुळांत मुरतं. दिवे अंगणातल्या दगडी ओट्यावर वाळू पसरून. अगरबत्ती-कापराची वेष्टनं सीमेवरच काढून टोपलीत. कागदी वेगळी, प्लास्टिक वेगळं, टोपली रोज गावात परत. झगझगीत दिव्याऐवजी गुडघ्याखाली पिवळे बल्ब, आरती झाली की बंद. कर्णा राईकडे पाठ करून.

अंगणात फरशी घालायची वर्गणी निघाली आहे. मानकऱ्यांशी दोनदा बोलणं झालं. फरशीखालच्या मुळांना पाणी मिळत नाही, वरचं पाणी धावत वाटेवर येतं. शेणाने सारवलेलं अंगण किंवा सांधे उघडे ठेवून बसवलेला जांभा, हे दोन पर्याय दिले. निर्णय गावकीचा.

आजच चौकटी मोजल्या. दहाही चौकटींत कोंब आहेत. हा आकडा आनंदाचा नाही, एप्रिलशी ताडायचा आहे.

१५ डिसेंबर
वरचा गडगा श्रमदानाने बांधून झाला, चिरा न लावता, सुक्या दगडांचा. तळाशी वीतभर उंचीच्या दोन खिडक्या : साळिंदर, मुंगूस, खवल्या यांच्या येण्याजाण्यासाठी. पूर्ण बंद गडगा गुरांबरोबर त्यांनाही अडवतो.

रानमोडी फुलली आहे, बी उडतंय. फेरीआधी धोतरावरची झटकणी आता परतीच्या वेळीही. कडेच्या साफ केलेल्या पट्ट्यात घाणेरीची नवी रोपं बोटभर उंचीची, ती उपटली. त्यांच्यामध्येच जांभळाची चार आणि किंजळाचं एक रोप.

खांब ५ ते ७ जानेवारीअखेरपासून पुन्हा बंद. बेहड्याची पाहणी १ फेब्रुवारीपासून पन्नास मीटरवरून. चौकटींची पुढची मोजणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. खांब ३ चा बांबू कुजलाय, बदलायचा. सीमेवरचा ब्रश झिजला आहे, दोन नवे हवेत.